जुन्या भारतीय नोटांचा संग्रह : सुरुवात पुस्तकापासून

जुन्या नोटा विकणाऱ्याच्या टेबलावर एकाच मूल्याच्या, एकाच चित्राच्या आणि साध्या नजरेला अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन नोटांच्या किमतींत मोठी तफावत असू शकते. ती तफावत बहुतेक वेळा सहीत, क्रमांकाच्या चौकटीतल्या एखाद्या बारीक अक्षरात किंवा मागच्या बाजूच्या चित्रातील एखाद्या तपशिलात दडलेली असते. १९७५ साली चलनात आलेल्या पन्नास रुपयांच्या नोटेचे उदाहरण घ्या. तिच्या मागील बाजूस संसद भवन आहे. सुरुवातीच्या नोटांवर भवनावरील काठी रिकामी आहे, तर नंतरच्या नोटांवर त्या काठीला ध्वज आहे. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या हातातून दोन्ही नोटा गेल्या तरी त्याच्या लेखी ती एकच नोट असते. हा फरक दाखवून देणारे पुस्तक आधी घ्यावे आणि नोटा नंतर घ्याव्यात, असे नवोदितांना आवर्जून सांगावेसे वाटते. मात्र ‘पुस्तक घ्या’ एवढे सांगून भागत नाही, कारण कोणते पुस्तक कशासाठी घ्यायचे, याचाच गोंधळ नवख्या माणसाच्या मनात सर्वाधिक असतो.

आधी संग्रहाची हद्द ठरवा

पुस्तकांच्या दुकानात जाण्यापूर्वी आपल्याला नेमक्या कोणत्या काळातल्या आणि कोणी काढलेल्या नोटा जमवायच्या आहेत, हे एका कागदावर लिहून काढावे. भारतीय कागदी चलनाचा पसारा मोठा आहे. बँक ऑफ बेंगाल, १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे आणि १८४३ ची बँक ऑफ मद्रास या प्रेसिडेन्सी बँका स्वतःच्या नोटा काढत असत. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने हा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. त्यानंतर राणी व्हिक्टोरियाच्या चित्राच्या नोटा आल्या आणि बनावट नोटांचा सुळसुळाट झाल्यामुळे १८६७ पासून त्यांच्या जागी एकाच बाजूने छापलेल्या, रंगीत पार्श्वछपाईच्या नोटा काढण्यात आल्या. पुढे पंचम जॉर्ज, १९३५ साली रिझर्व्ह बँकेची स्थापना, जानेवारी १९३८ मध्ये षष्ठ जॉर्जच्या चित्राची त्या बँकेची पहिली पाच रुपयांची नोट आणि १९४९ पासून अशोकस्तंभ, असा हा क्रम आहे. यांपैकी प्रेसिडेन्सी बँकांच्या आणि व्हिक्टोरियाच्या काळातल्या नोटा सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत; त्यांच्याविषयी वाचावे, संग्रहालयात जाऊन त्या पाहाव्यात, पण त्यांच्यासाठी महागडा विशेष ग्रंथ घेण्याची घाई करू नये.

नवोदिताने १९४९ नंतरच्या, म्हणजे अशोकस्तंभ आणि त्यापुढील महात्मा गांधी मालिकांच्या नोटा घ्याव्यात, असे माझे मत आहे. या नोटा मिळतात, बऱ्याचशा परवडतात आणि सह्यांनुसार लावत गेल्यास संग्रहाला एक आकार येतो. शिवाय या काळासाठीचे संदर्भ सर्वांत भरवशाचे आहेत.

मराठी वाचकाला आणखी दोन वाटा जवळच्या वाटतील. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाने १९१८ च्या कायद्यान्वये स्वतःच्या उस्मानिया सिक्क्याच्या नोटा काढल्या आणि त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजी मजकूरही छापला. गोव्यात बँको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेच्या, आधी रुपिया आणि १९५९ पासून एस्कुदो या चलनातल्या नोटा चालत असत. अशा नोटा जमवायच्या असतील तर पुस्तकाची निवडही बदलते. जागतिक सूचीग्रंथांत गोव्याच्या नोटा ‘भारत’ या प्रकरणात सापडत नाहीत. त्या ‘पोर्तुगीज इंडिया’ या वेगळ्या नोंदीखाली असतात. हैदराबादच्या नोटा संस्थानी आणि प्रादेशिक नोटांच्या स्वतंत्र खंडात जातात व सूचीतल्या त्यांच्या क्रमांकाआधी ‘एस’ हे अक्षर लागते. हे माहीत नसलेला माणूस दोन तास पाने उलटून ‘पुस्तकात माझी नोटच नाही’ असा निष्कर्ष काढतो.

मुख्य ग्रंथ कोणता

भारतीय नोटांसाठी आज ज्या पुस्तकाचा हवाला व्यापारी, लिलावगृहे आणि संग्राहक सर्वांत जास्त देतात, ते म्हणजे किशोर झुनझुनवाला आणि रिझवान रझाक यांचे २०१२ साली निघालेले ‘द रिव्हाइज्ड स्टँडर्ड रेफरन्स गाइड टू इंडियन पेपर मनी’. ते इंग्रजीत आहे, जाडजूड आहे आणि स्वस्त नाही. तरीही एकच पुस्तक घ्यायचे असेल तर हेच घ्यावे, कारण त्यात नोटा सहीनुसार, मालिकेनुसार आणि बारीकसारीक प्रकारांनुसार वेगळ्या केलेल्या आहेत. किशोर झुनझुनवालांची याआधीची पुस्तकेही जुन्या बाजारात दिसतात. ती स्वस्त मिळाली तर नोट ओळखण्यापुरती उपयोगी पडतात. मात्र आवृत्ती बदलली की नोटेचा सूचीक्रमांकही बदललेला असू शकतो, म्हणून जुन्या आवृत्तीतला क्रमांक सांगून सौदा करू नये.

दुसरे नाव जगभर चालणाऱ्या ‘स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ वर्ल्ड पेपर मनी’ या सूचीग्रंथाचे. आल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाने घालून दिलेले क्रमांक त्यात आहेत आणि म्हणूनच व्यापारी ‘पिक नंबर’ विचारतात. हा ग्रंथ तीन खंडांत आहे : एक १९६० पर्यंतच्या सर्वसाधारण नोटांचा, दुसरा १९६१ पासून पुढच्या नोटांचा आणि तिसरा संस्थाने, खाजगी बँका वगैरेंच्या विशेष नोटांचा. भारतीय नोटा जमवणाऱ्यासाठी ही विभागणी गैरसोयीची आहे. एच. व्ही. आर. अय्यंगार हे १९५७ ते १९६२ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. म्हणजे एकाच गव्हर्नरची कारकीर्द १९६१ च्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पडते. ज्याला फक्त भारतीय नोटा जमवायच्या आहेत, त्याने शेकडो देशांची पाने असलेला हा ग्रंथ विकत घेऊ नये. ग्रंथालयात किंवा एखाद्या ज्येष्ठ संग्राहकाकडे बसून भारताची पाने चाळावीत आणि आपल्या नोटांचे पिक क्रमांक वहीत उतरवून घ्यावेत.

ओवेन लिंझमेयर यांचे ‘द बँकनोट बुक’ डिजिटल स्वरूपात, देशवार प्रकरणांत मिळते आणि त्याचे क्रमांक ‘बी’ या अक्षराने सुरू होतात. नव्या नोटा जमवणाऱ्याला ते सोयीचे आहे. मात्र पाने उलटत वाचायची सवय असलेल्यांना त्याचा कंटाळा येतो, हेही खरे.

पुस्तक पारखण्याची रीत

एखादे पुस्तक आपल्या कामाचे आहे की नाही, हे मुखपृष्ठावरून किंवा चित्रांच्या झगमगाटावरून ठरवू नये. घरातल्या दोन-तीन साध्या नोटा पारदर्शक पाकिटात घालून सोबत न्याव्यात आणि पुस्तक समोर ठेवून त्या नोटा त्यात शोधाव्यात. यातून जे कळते, ते कोणत्याही परीक्षणातून कळणार नाही.

एक रुपयाच्या नोटेपासून सुरुवात करा. ही नोट रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढते, आणि तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, तर वित्त सचिवाची सही असते. त्यामुळे चांगल्या पुस्तकात सह्यांचे दोन स्वतंत्र तक्ते असायलाच हवेत. याची गंमत म्हणजे काही माणसे दोन्ही तक्त्यांत भेटतात. मनमोहन सिंग १९७६ ते १९८० या काळात वित्त सचिव होते आणि १९८२ ते १९८५ मध्ये गव्हर्नर. म्हणून त्यांची सही एक रुपयाच्या नोटेवरही आहे आणि मोठ्या नोटांवरही. एल. के. झा, आर. एन. मल्होत्रा आणि एस. वेंकिटरमणन यांचेही तसेच. ज्या पुस्तकात ‘मनमोहन सिंग’ एवढेच लिहून सगळ्या नोटा एका ओळीत कोंबलेल्या असतील, ते खुशाल परत ठेवावे.

सह्यांचा तक्ता पाहताना त्यात प्रत्येक सहीचे छायाचित्र आहे की नुसती नावे आहेत, हेही बघावे. नवख्या डोळ्यांना सही वाचता येत नाही. तिचा आकार ओळखता येतो. तक्त्यासोबत कार्यकाळाच्या तारखा असाव्यात, कारण दुर्मीळतेचा काही भाग त्या तारखांतूनच उमगतो. बी. एन. आडारकर हे मे आणि जून १९७० मध्ये अवघे बेचाळीस दिवस गव्हर्नर होते, तरी महात्मा गांधी जन्मशताब्दीच्या, सेवाग्राम आश्रमाच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या गांधीजींच्या नोटांवर एल. के. झा यांच्याप्रमाणे त्यांचीही सही आढळते. एन. सी. सेनगुप्ता हे १९७५ साली तीनच महिने पदावर होते. उलट पहिले गव्हर्नर ऑसबोर्न स्मिथ यांच्या सहीची एकही नोट निघाली नाही. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या नोटांवर सही आहे ती जे. बी. टेलर यांची, आणि त्यानंतर पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांची. ही माहिती ज्या पुस्तकात ओघाने येते, त्याच्या लेखकाने विषय मुळातून हाताळलेला असतो.

यानंतर क्रमांकाची चौकट पाहावी. नोटेच्या क्रमांकाआधीची अक्षरे आणि आकडे म्हणजे प्रिफिक्स, आणि क्रमांकाच्या मागे फिकट छापलेले एखादे इंग्रजी अक्षर म्हणजे इनसेट. एकाच गव्हर्नरच्या, एकाच मूल्याच्या नोटेत इनसेट बदलला की सूचीतली नोंद बदलते. पुस्तकात ‘इनसेट नाही’, ‘ए’, ‘बी’ अशा वेगळ्या ओळी असतील तरच संग्रह पुढे नेण्यास त्याचा उपयोग. प्रिफिक्सला तर काही वेळा इतिहासच चिकटलेला असतो. १९५९ साली आखाती देशांत चालवण्यासाठी काढलेल्या नोटांचा प्रिफिक्स ‘झेड’ने सुरू होतो आणि हज यात्रेकरूंसाठीच्या नोटांवर ‘एचए’ आहे. अलीकडच्या नोटांमध्ये २००६ पासून क्रमांकात तारा असलेल्या, म्हणजे खराब छपाईच्या बदली घातलेल्या, ‘स्टार’ नोटा आल्या, आणि २००५ पासून मागील बाजूस छपाईचे वर्ष येऊ लागले. पुस्तक या घडामोडींच्या आधीचे असेल तर त्यात हे सापडणार नाही, म्हणून प्रकाशनाचे वर्ष आधी पाहावे. (७८६ या आकड्यासाठी लोक पैसे मोजतात, हे खरे, पण त्यासाठी कोणत्याही संदर्भग्रंथाची गरज नाही.)

तिसरी चाचणी मजकुराची. अशोकस्तंभाच्या सुरुवातीच्या नोटांवर हिंदीत ‘रुपया’ आहे आणि पुढे अनेकवचन ‘रुपये’ ठरल्यावर नोटांवरचा मजकूर बदलला. हा फरक पुस्तकात वेगळ्या नोंदीने दाखवला आहे का? पन्नासच्या नोटेवरच्या ध्वजाचा उल्लेख आहे का? चित्रे दोन्ही बाजूंची आणि अक्षर वाचता येईल एवढी मोठी आहेत का? ब्रिटिशकाळातल्या नोटांसाठी विकत घेत असाल तर सर्कलचे, म्हणजे नोट काढणाऱ्या चलन-विभागाचे, तक्ते पाहा. सुरुवातीच्या काळात नोट ज्या सर्कलची, त्या सर्कलमध्येच तिचे नाणे मिळण्याचा हक्क असे. १९०३ ते १९११ या काळात टप्प्याटप्प्याने लहान मूल्यांच्या नोटा देशभर चालू लागल्या. कलकत्ता, मुंबई, मद्रास यांच्याबरोबरच लाहोर, कराची, रंगून आणि आपल्याकडची नागपूर व अकोला ही नावेही या इतिहासात येतात, आणि सर्कल कोणते यावर नोटेची दुर्मीळता फार अवलंबून असते.

वरून छापलेल्या ठशांच्या नोटांबाबत पुस्तकातली चित्रे अधिकच महत्त्वाची ठरतात. १९४८ साली पाकिस्तानसाठी भारतीय नोटांवरच ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असे छापून त्या दिल्या गेल्या आणि ब्रह्मदेश १९३७ साली वेगळा झाल्यावर तिथल्यासाठीही असे ठसे उमटवले गेले. साध्या नोटेवर नंतर कोणी असा ठसा मारला तर ती नोट ओळखण्यासाठी अक्षरांची जाडी, जागा आणि अंतर मोठ्या आकारात दाखवणारे चित्र लागते. नखाएवढ्या चित्राच्या भरवशावर ठशाची नोट विकत घेऊ नये.

किमतीच्या रकान्याकडे शेवटी पाहा

नवोदित माणूस पुस्तक उघडले की प्रथम किंमत पाहतो. सूचीग्रंथात सर्वांत लवकर शिळी होणारी गोष्ट तीच आहे. छापलेली किंमत ही लेखकाने त्या वर्षी बांधलेला अंदाज असतो. चालू भाव लिलावांत नोट प्रत्यक्ष कितीला गेली, यावरून कळतो, आणि लिलावगृहांच्या सूच्या व निकाल बहुधा संकेतस्थळावर पाहता येतात. पुस्तकातील किमती एकमेकींशी ताडून पाहाव्यात : एका ओळीत जी नोट शंभराची आणि शेजारच्या ओळीत दोन हजारांची दाखवली आहे, त्यांतले प्रमाण बरेचदा टिकून राहते, आकडे मात्र बदलतात.

किंमत ज्या दर्जावर ठरते, तो दर्जाही समजून घ्यावा लागतो. पूर्णपणे कोरी, घडी न पडलेली नोट ‘अनसर्क्युलेटेड’. त्याखाली ‘एक्स्ट्रा फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘फाइन’ अशा उतरत्या पायऱ्या असतात आणि आंतरराष्ट्रीय बँकनोट सोसायटीने त्यांच्या व्याख्या दिल्या आहेत. परदेशी पुस्तकातील व्याख्या भारतीय नोटांना जशाच्या तशा लावताना एक अडचण येते. आपल्याकडे बँकांत नोटांच्या गड्ड्यांना स्टेपल मारण्याची प्रथा अनेक दशके होती. त्यामुळे कधीही वापरात न आलेल्या, करकरीत जुन्या नोटेलाही डाव्या बाजूस स्टेपलची भोके असतात. जाणकार भारतीय व्यापारी असल्या भोकांसाठी नोटेचा दर्जा फारसा उतरवत नाहीत, पण टाचणीचे जास्तीचे भोक, धुतलेला किंवा इस्त्री केलेला कागद आणि कापून सरळ केलेल्या कडा यांनी तो बराच उतरतो. हा भेद समजावून सांगणारे पान पुस्तकात असेल तर ते दोनदा वाचावे.

इतिहासाची पुस्तके आणि फुकटचे संदर्भ

सूचीग्रंथ नोट कोणती हे सांगतो. ती का निघाली हे तो सांगेलच असे नाही. एक रुपयाची पहिली नोट ३० नोव्हेंबर १९१७ रोजी निघाली, कारण महायुद्धामुळे रुपयाच्या नाण्यासाठी चांदी अपुरी पडू लागली होती. पाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची, नोटही आली. या एकाच नोटेच्या शतकभराच्या प्रवासावर रिझवान रझाक यांनी ‘वन रुपी वन हंड्रेड इयर्स १९१७–२०१७’ हे पुस्तक काढले आहे. ज्याला फक्त एक रुपयाच्या नोटा वर्ष आणि सहीनुसार जमवायच्या असतील, त्याला ते मुख्य ग्रंथाइतकेच उपयोगी पडेल. सर्वसाधारण इतिहासासाठी बझिल शेख आणि संध्या श्रीनिवासन यांचे रिझर्व्ह बँकेने २००१ साली काढलेले ‘द पेपर अँड द प्रॉमिस’ हे छोटे, सुबक पुस्तक पुरेसे आहे.

काही संदर्भ विनामूल्य आहेत आणि ते आधी संपवावेत. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर चलनसंग्रहालयाचा विभाग आहे आणि तिथे प्रेसिडेन्सी बँकांपासून आजच्या नोटांपर्यंतचा इतिहास चित्रांसह वाचता येतो. हे संग्रहालय प्रत्यक्षात मुंबईत फोर्ट भागात आहे; २००४ साली ते सुरू झाले. तिथून चालण्याच्या अंतरावर एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय ज्या टाउन हॉलमध्ये आहे, त्या इमारतीचे चित्र बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर होते. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. तिचा भर नाण्यांवर असला तरी नाशिक रोडच्या नोट छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जात असल्याने त्या परिसरात या विषयाची जाणकार माणसे भेटतात. बंगळुरूला जाणे झाले तर रझाक यांचे कागदी चलनाचे संग्रहालय अवश्य पाहावे. छापील पानावर जलचिन्ह आणि कागदाचा पोत कळत नाही. त्यासाठी नोटच पाहावी लागते.

खरेदीचा क्रम आणि नोंदवही

पहिल्या महिन्यात एकही पुस्तक न घेता विनामूल्य साहित्य वाचावे आणि घरातल्या नोटांची यादी करावी. त्यानंतर मुख्य सूचीग्रंथ घ्यावा. तो पूर्ण किमतीत परवडत नसेल तर नाणे प्रदर्शनांतील पुस्तकांच्या टेबलांवर चौकशी करावी. वापरलेली प्रत घेताना सह्यांच्या तक्त्याची पाने फाटलेली नाहीत ना, हे तपासावे, कारण सर्वांत जास्त हाताळली जातात ती हीच पाने. मोबाइलवर फिरणाऱ्या अनधिकृत स्कॅन प्रतींत बारीक अक्षरे पुसट होतात आणि इनसेट वाचता येत नाही, म्हणजे ज्या कामासाठी पुस्तक हवे तेच काम होत नाही. लेखकाच्या कष्टांचा प्रश्न वेगळाच. विशेष ग्रंथ, म्हणजे हैदराबाद, पोर्तुगीज भारत किंवा प्रेसिडेन्सी बँका यांवरचे, त्या शाखेतल्या काही नोटा हाती आल्यावरच घ्यावेत.

पुस्तक वापरताना शेजारी एक वही ठेवावी. प्रत्येक नोटेसमोर मूल्य, सही, प्रिफिक्स, इनसेट, वर्ष असल्यास ते, दर्जा, खरेदीची तारीख आणि किंमत लिहावी. सूचीक्रमांक लिहिताना तो कोणत्या ग्रंथाचा आणि कोणत्या आवृत्तीचा, हे नमूद करावे. झुनझुनवाला–रझाक यांचे क्रमांक ठिपक्यांनी तोडलेले असतात, पिकचे सलग असतात आणि लिंझमेयर यांचे ‘बी’ने सुरू होतात, त्यामुळे तिन्ही शेजारी लिहिले तरी गोंधळ होत नाही. पुस्तकात न सापडलेला प्रकार आढळल्यास ‘नवा शोध’ म्हणून जाहीर करण्याआधी दुसरी आवृत्ती आणि दुसरा ग्रंथ पाहावा.

वहीत एक रकाना कायद्यासाठीही ठेवावा लागतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे आणि हजारच्या नोटांबाबत २०१७ च्या कायद्याने मर्यादा घातली आहे : सर्वसाधारण माणसाला एकूण दहापर्यंत आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी पंचवीसपर्यंत नोटा बाळगता येतात. २०१६ पूर्वी छापलेल्या सूचीग्रंथात ही मर्यादा अर्थातच नाही. म्हणून त्या पानाच्या समासात ती पेन्सिलीने लिहून ठेवावी आणि गांधी मालिकेतल्या या दोन मूल्यांचे सहीनुसार संच लावताना नोटांची एकूण संख्या मोजत जावी.